गेटवर थिजलेलं अळणी

साहेब, तुम्ही हंडेच्या हंडे रस्सा गटारात ओतलात. चुकून नाही, नियम करून. दर मंगळवारी. आणि ज्यानं त्यातला डबाभर वाचवला, त्याला तुम्ही चोर म्हणालात. नाकारू नका. ते गटार अजून तिथंच आहे, कॅन्टीनच्या मागच्या भिंतीला लागून, आणि त्याच्या तोंडाशी अख्ख्या बंगळुरातली सगळ्यात गलेलठ्ठ मांजरं राहतात. त्यांना विचारा.

झालं ते असं. कारखाना सरकारी. रात्रपाळीच्या कामगारांना मंगळवारी मटण मिळायचं. देवाप्पा नावाचा आचारी, बेळगावकडचा, ते आपल्या पद्धतीनं एकाच हंड्यात शिजवायचा आणि पळीनं वाढायचा. पण पळी आंधळी असते. एकाच्या ताटात नळी यायची, दुसऱ्याच्या ताटात नुसती मान. एकदा एका टर्नरनं ह्यावरून पळी हिसकावली आणि पुढच्याच्या टाळक्यात घातली. मग तुम्ही, साहेब, टेबलाशी बसलात आणि न्याय केलात. मटण हळद-मीठ घालून उकडायचं. मोठ्या चाळणीत निथळायचं. कोरडे तुकडे तराजूत टाकून ज्याचं त्याचं वजन करायचं, आणि वेगळ्या शिजवलेल्या मसाल्यात सोडून वाढायचं. भांडणं थांबली, कबूल. पण निथळून खाली आलं त्याचं काय? ते, तुमच्या नियमाप्रमाणे, ओतून द्यावे.

रात्रपाळीतल्या पिराजीनं घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याची बायको अंबूबाई भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला.

"ओतून देत्यात? अळणी?"

"हंडाभर."

"अन् तुमी काय करता?"

"मी काय करणार? मी जेवतो."

"शाबास," अंबूबाई म्हणाली. "निपाणीत तुमच्या आईला कळलं तर ती चालत येईल हितवर. तुमचा कान धराया."

निपाणीकडं मटण करायची रीतच अशी. आधी ते हळद-मीठ घालून मंद शिजवायचं. शिजताना जे पाणी उतरतं ते अळणी, मीठ असलं तरी नाव तेच. मसाला नंतरचा. घरात कुणी तापातून उठलं, त्याला अळणी. बाळंतिणीला अळणी. पोराच्या जिभेला मटणाची पहिली ओळख होते ती अळणीनंच. तुकडे पाहुण्यांनी मोजावेत. घरची माणसं वाढतात अळणीवर. हे अंबूबाईला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या हाडातच होतं, आणि हाडातून ते तिथं आलं होतं.

पिराजी भिडस्त माणूस. कारखान्यात तो ग्रीसमन होता, म्हणजे मशिनींच्या सांध्यासांध्यांत ग्रीस भरत फिरायचं. अजून कायम झाला नव्हता. जानेवारीअखेर होणार, असं फोरमननं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो कारखान्यात पाऊलसुद्धा हळू टाकायचा, जमिनीला लागू नये म्हणून. तरीही पुढच्या मंगळवारी तो देवाप्पाजवळ गेला आणि आपला पितळी डबा त्याच्यापुढं धरला. कशाला, हे देवाप्पाला सांगावं लागलं नाही. दोघांच्या आया एकाच नदीच्या काठच्या. त्यानं डबा काठोकाठ भरला, वर एक नळी बुडवली, आणि म्हणाला, "माझं नाव घेऊ नकोस."

बुधवारी सकाळी तो डबा घरी आला आणि अंबूबाईचं राज्य सुरू झालं.

ती राहायची बसवनगुडीच्या पुढं, एका वठारात. एकाच अंगणाभोवती ओळीनं खोल्या, मधे एक नळ, आणि कुणाच्या खोलीत काय शिजतंय हे सगळ्यांच्या नाकाला ठाऊक. जानेवारीची थंडी. रात्रभर डबा पत्र्याच्या कपाटात राहायचा, त्यामुळं घरी येईस्तोवर अळणी थिजलेलं असायचं. वर चरबीचा पांढरा थर, खाली पिवळं, बोट लावलं तर थरथरणारं. अंबूबाई आधी तो पांढरा थर चमच्यानं उचलायची आणि वाटीत काढून झाकून ठेवायची. आठवडाभर त्याच्यावर घर चालायचं. त्यात लसूण तडतडला की साध्या वांग्याला रविवार यायचा. गरम भाकरीवर बोटभर फासून मीठ-तिखट भुरभुरलं की पोरं शाळेत जाताना मागं वळून बघायची. नळीतला गर ती ठोकून काढायची आणि धाकट्याच्या भातात मिसळायची. उरलेल्या पिवळ्याचं कधी खोबऱ्याचं दूध घालून पांढरं कालवण, कधी ज्वारीच्या कण्या त्यातच शिजवायच्या, कधी नुसतं मिरं टाकून वाटी वाटी प्यायचं. एक डबा, आणि बुधवार ते शुक्रवार प्रत्येक जेवणाला मटणाचा वास. मटण मात्र कुठंच नाही.

शेजारची सत्यवती हे सगळं दारातून बघायची. तीही मराठ्याचीच, पण तिच्या घराण्याला बंगळुरात इतक्या पिढ्या झालेल्या की मराठी बोलताना ती निम्मं कन्नडात पोचायची.

"अक्का, इतकं चांगलं आहे, आणि तू कण्या घालतेस?" ती एकदा म्हणाली. "आता अवरेकाईचे दिवस. ती घाल की."

"ती म्हंजे?"

"हे गं." सत्यवतीनं सूप पुढं केलं.

"आगं, पावटं! मग पावटं म्हण की."

"सरी, पावटे तर पावटे. भिजवायचे, साल काढायचं, ह्याच्यात शिजवायचे. आणि सोबत मुद्दे."

नाचणीचे वाफाळते गोळे म्हणजे मुद्दे. अंबूबाईनं आजवर त्याला नाव ठेवलं होतं. चावायचं नाही, नुसतं गिळायचं, हे काय अन्न झालं? पण त्या बुधवारी तिनं पावटे अळणीत टाकले, वर सत्यवतीचा मुद्दा ठेवला, एक घास गिळला, आणि लगेच दुसरा मोडला.

"काय गं अक्का?"

"काय न्हाई. आजवर गिळायला काय मिळालंच नव्हतं मला."

मग ठरलं. महिन्याचा शेवटचा बुधवार वठाराचा. देवाप्पा म्हणालाच होता, ह्या वेळी मोठा डबा आण. सत्यवतीनं आनेकलच्या बसनं येणाऱ्या बाईकडून टोपलीभर शेंगा घेतल्या. मंगळवारी दाणे भिजले. बुधवारी उजाडल्यापासून अंगणात बायकांचा गोल बसला. भिजलेला दाणा चिमटीत धरायचा आणि दाबायचा. साल हातात राहतं आणि दाणा उडतो. परातीत पडला तर ठीक. त्या सकाळी दाणे एकमेकींच्या अंबाड्यात, चहाच्या कपात आणि घरमालकाच्या उघड्या वर्तमानपत्रावर पडत होते, आणि घरमालक पान उलटून गप्प बसत होता. कारण जेवायला त्यालाही बोलावणं होतं.

कांदा भाजून झाला. खोबरं खवून झालं. मुद्द्याचं पाणी उकळायला लागलं. नऊ वाजले तरी पिराजी आला नाही.

आला तो उमाजी, त्याच्याच पाळीचा, सायकल भिंतीवर टाकून.

"वैनी, पिराजीला गेटवर धरलंय. ग्रीस चोरलं म्हणत्यात."

अंबूबाईनं हातातला दाणा परातीत ठेवला, उडवला नाही.

"ग्रीस? त्येनं? त्यो घरी येताना नखातलंबी काढून येतो."

मग उमाजीनं सांगितलं. गेल्या आठवड्यात स्टोअरमधला ग्रीसचा एक डबा हरवला होता. म्हणून आज गेटवर जमादार प्रत्येकाचं सामान उघडून बघत होता. पिराजीचा डबा उघडला. वर पांढरं, खाली पिवळं, चिकट, घट्ट. माणूस कोण, तर ग्रीसमन. जमादारानं बोट घातलं, ते बुळबुळीत झालं. डबा उलटा केला. सांडलं नाही! खाण्याची वस्तू असती तर सांडली असती, जमादार म्हणाला. त्याच्या घरी सात पिढ्यांत कुणी मटण शिजताना पाहिलं नव्हतं, आणि थंडीनं त्याचं नाक गच्च बंद होतं.

"मग ह्ये बोलले न्हाईत? अळणी हाय म्हणून?"

"जमादार विचारतोय, कुठनं आणलं. अन् हा गप. देवाप्पाचं नाव येईल म्हणून. पास काढून घेतलाय. दहाला साहेब येणार. चोरी लागली तर कायम होणं सोडाच, आजच घरी."

अंबूबाईनं पदर खोचला. रॉकेलचा स्टो उचलला, पातेलं उचललं, भाजलेला कांदा, लसूण, खवलेलं खोबरं आणि सोललेले पावटे एका धडप्यात बांधले.

"अक्का," सत्यवती म्हणाली, "आपण नवऱ्याला सोडवायला जातोय की लग्नाला?"

"तू मुद्दे वळून घे," अंबूबाई म्हणाली.

कारखान्याच्या गेटाशी दहा वाजता चांगलीच गर्दी होती. रात्रपाळी सुटून घरी गेली नव्हती, तमाशा बघायला थांबली होती. जमादाराच्या चौकीच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर डबा, टेबलामागं साहेब, म्हणजे तुम्हीच. बाजूला पिराजी, मान खाली, जणू मान वर केली तर तीही कंपनीची निघेल.

साहेबांना ना कन्नड यायचं ना मराठी. म्हणून डिझाइन ऑफिसातून पद्माकर नावाच्या एका तरुण इंजिनियरला दुभाष्या म्हणून आणलं होतं. पुण्याचा, सोवळ्या घरातला, खोली घेऊन एकटा राहणारा. त्याच्याबद्दल एवढंच सांगायचं की बंगळुरात मटणाच्या खानावळींना मिलिटरी हॉटेल म्हणतात, आणि अशाच एका हॉटेलात रविवारी दुपारी रस्त्याकडं पाठ करून बसणारा एक माणूस असायचा.

अंबूबाई सरळ व्हरांड्यात चढली.

"कोन आहे ही?" जमादार ओरडला.

"डब्याची मालकीण. बाजूला व्हा, दादा. स्टोला जागा लागतीया."

पद्माकर पुढं झाला. "बाई, इथे चौकशी चालू आहे."

"व्हय, चौकशीच करायला आले. सायबाला सांगा, ग्रीस असंल तर तापवल्यावर धूर हुईल अन् खोकला येईल. आमचं असंल तर भूक लागंल. बघू द्या काय हुतंय त्ये."

पद्माकरनं इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मान डोलावली. त्यांना वाटलं, दोन मिनिटांचं काम.

अंबूबाईनं स्टो पेटवला. पातेलं ठेवलं. डबा उचलून सगळ्यांना दाखवला, उलटा केला. खरंच सांडलं नाही. रात्रपाळीनं टाळ्या वाजवल्या. मग तिनं चमच्यानं वरचा पांढरा थर काढून पातेल्यात सोडला. तो विरघळला, पारदर्शक झाला, आणि त्यात लसणाच्या पाकळ्या पडल्या. तिथं पहिल्यांदा गर्दीतला कुणीतरी कण्हला. भाजलेला कांदा पडला. मग पिवळं अळणी धपकन् पडलं, थरथरलं, कडेनं सुटलं, आणि एकदम पाणी झालं. पावटे गेले. नळी तळाला वाजली. वाफ व्हरांडाभर झाली, व्हरांड्याबाहेर गेली, गेटच्या गजांतून रस्त्यावर गेली. एक बस थांब्याच्या पुढं जाऊन थांबली.

जमादारानं एक जोरदार शिंक दिली. मग त्यानं नाक वर केलं, चार दिवसांनी पहिल्यांदा त्याला काहीतरी कळल्यासारखं.

"पुरे," साहेब म्हणाले. "वास आला."

"पुरे म्हणतायत," पद्माकरनं सांगितलं. त्याची नजर पातेल्यावर होती.

"पुरे कसं? पावटा कच्चा हाय. अर्धं कच्चं पुराव्याला चालत असंल, आमच्यात चालत न्हाई."

सगळे थांबले. साहेबही थांबले. कारखान्याच्या आयुष्यात पहिल्यांदा एखादी चौकशी पावटा शिजायची वाट बघत होती. सत्यवती गर्दीत मुद्द्यांचं भांडं कडेवर घेऊन उभी होती आणि ओळखीपाळखी करून घेत होती. शेवटी खोबरं पिळून त्याचं दूध पडलं, एक उकळी आली, आणि अंबूबाईनं स्टोची हवा सोडली.

साहेबांनी आता कायदा काढला. वास हा पुरावा नाही, कुणीतरी चाखलं पाहिजे. कामगार नकोत, ते पिराजीच्याच बाजूचे. जमादार मटण खात नाही. साहेब स्वतः खात नाहीत. साहेबांनी पद्माकरकडं बघितलं.

"मी... आमच्याकडे नाही चालत," पद्माकर म्हणाला. आणि असं म्हणता म्हणता त्यानं टेबलावरची चहाची बशी उचलून पुढं धरली.

अंबूबाईनं बशी भरली. त्यानं फुंकर मारली, प्यायला. डोळे मिटले.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येत नाही," पद्माकर म्हणाला. "आणखी थोडं द्या, बाई. खात्री करून घेतो."

दुसऱ्या बशीला सत्यवतीनं मुद्द्याचा तुकडा टाकला. "इंजिनियर, चावू नका. गिळा." तिसऱ्या बशीला गर्दी हसायला लागली. पद्माकर लाल झाला, पण बशी खाली ठेवली नाही. मग त्यानं साहेबांना स्पष्ट, खणखणीत इंग्रजीत सांगितलं की हे ग्रीस नाही, हे मटणाचं पाणी आहे, आणि त्याला ही चव चांगली ओळखीची आहे. शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते त्यानं पाठीचा कणा ताठ करून म्हटलं.

गेट दणाणलं. पिराजीनं मान वर केली.

पण साहेब ते साहेबच. ते म्हणाले, ग्रीस नसेल, पण मग हे कॅन्टीनचं मटण. म्हणजे कंपनीचा माल. चोरी ती चोरीच. कुणी दिलं?

पिराजीचे ओठ पुन्हा मिटले. तेवढ्यात गर्दीतून देवाप्पा आला, कमरेच्या फडक्याला हात पुसत.

"मी दिलं. सारखं गटारात ओतायला माझा हात होईना. त्याला नका काढू. मला काढा."

साहेबांच्या हातात पिराजीचा पास होता, आणि त्यांनी तो टेबलावर आपटला, ठेवायचा की फाडायचा हे न ठरवता. अंबूबाई पळी हातात घेऊन टेबलापाशी गेली. आवाज चढवला नाही.

"दादा," ती पद्माकरला म्हणाली, "हाय तसं सांगा सायबाला. काय गाळू नका. ह्ये गटारात गेलं असतं तर जमादारानं गटाराला धरलं असतं का? गटाराचा पास काढून घेतला असता का? मांजरांची चौकशी केली असती का? न्हाई ना? मग पोरांच्या पोटात गेलं की चोरी कशी हुती, एवढं मला समजावा. समजलं तर मी माजा नवरा घिऊन निपाणीला जाते. न्हाई समजलं तर पास द्या."

पद्माकरनं काही गाळलं नाही.

साहेबांनी पद्माकरकडं बघितलं, देवाप्पाकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं. मग पास उचलला, पिराजीच्या हातात दिला आणि चालू पडले.

बाकीचं काय सांगायचं? पातेलं परत वठारात पोचलंच नाही. गेटवरच बोटबोट, बशीबशी वाटलं गेलं. ज्याला रस्सा मिळाला नाही त्यानं मुद्दा पातेल्याच्या तळाला पुसून खाल्ला. पिराजीनं आयुष्यात पहिल्यांदा कारखान्याच्या आवारात मोठ्यानं हसून दाखवलं, ते इतकं अचानक की अंबूबाईनं दचकून मागं बघितलं. वठाराचं जेवण पुढच्या बुधवारी झालं. घरमालकानं दोनदा वाढून घेतलं. पद्माकर आला, दाराकडं तोंड करून बसला. आणि जानेवारीअखेर पिराजी कायम झाला. आता तो चालतो तेव्हा पाऊल वाजतं.

आता मंगळवारी रात्री देवाप्पाच्या हंड्याशी डब्यांची रांग लागते. बुधवारी सकाळी गेटवर जमादार एकेक डबा उघडतो, उलटा करतो, सांडलं नाही की मान डोलावतो. "ह्याचं चांगलं थिजलंय," म्हणतो. सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे काय चाललंय. पण नियमात ती ओळ अजून तशीच आहे, साहेब: ओतून द्यावे. म्हणजे उद्या दुसरा जमादार आला, त्याचं नाक बंद असलं, तर पुन्हा एखादा पिराजी मान खाली घालून उभा राहील, आणि त्याची बायको स्टो घेऊन येईलच असं नाही.

तुम्ही पास दिलात. उत्तर दिलं नाहीत. त्या दिवशी अंबूबाईनं विचारलं होतं, आज मी तेच विचारतोय: गटारात गेलं तर शिस्त, आणि ताटात गेलं तर चोरी, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? पाठ फिरवू नका, साहेब. बोला.